काळ्याखालचा पाट

गोमा, बेल्जियन काँगो
२० ऑगस्ट १९५८

तीर्थस्वरूप मामाजींना लटारूचा नमस्कार.

पाया पडतो असं लिहिलं तर तुम्ही रागवाल. भाच्याच्या पाया मामानं पडायचं, उलट नाही, हे तुम्ही लहानपणापासून कानात घातलं आहे. म्हणून नुसता नमस्कार.

मामाजी, हे पत्र मायला वाचून दाखवताना इथून पुढचं गाळा.

इथे डोंगर फुटला आहे. शेंड्यावर नाही, कुशीत. आज तेरा दिवस झाले. आमच्या गिरणीच्या वस्तीपासून बारा मैलांवर ते तोंड आहे. सेठच्या ट्रकमधून मी दोनदा जाऊन पाहून आलो. आतून जे निघतं त्याला मी रस म्हणतो, दुसरा शब्द मला येत नाही. दगडाचाच रस. पहिल्या दिवशी तो सांडलेल्या वरणासारखा चहूकडे पसरला. तिसऱ्या दिवसापासून त्यानं वाट धरली. दोन्ही कडा थंड होऊन काळ्या पडल्या, ढेकळांची दोन पुरुष उंच पाळ उभी राहिली, आणि मधून लाल धार. हुबेहूब आपला पाट. कोणी खोदला नाही, कोणी पाळ घातली नाही. तोंडाशी धार घोड्यासारखी पळते आणि टोकाशी थकलेल्या बैलासारखी चालते. पण चालते. वाटेतलं झाड उभं पेटतं.

तुम्हाला माहीत आहे, बल्लारशाच्या लाकडाच्या आरागिरणीतून कच्छी सेठनं मला इकडे आणलं त्याला तीन वर्षं झाली. गिरणीच्या खालच्या अंगाला मी फळ्यांचं दोन खोल्यांचं घर बांधलं. खिळान् खिळा माझ्या हातचा. वस्तीच्या वर दीड कोसावर दोन नाले फुटतात. डावा आमच्या दारावरून जातो, उजवा जंगलात. रस त्या फाट्याकडे येतो आहे. सोबत नकाशा काढला आहे.

इथला गोरा साहेब म्हणतो, ते कुठे वळेल हे कोणी सांगू शकत नाही. पण तुम्ही चाळीस वर्षं तळ्याचं पाणी वाटलं. पावसाळ्यात पाळीवर बांबू टेकवून दुसरं टोक कानाला लावून बसायचे, आत पाणी झिरपतं का ते ऐकत. माय म्हणायची, "भाऊ तळ्यासंग गुजगोष्टी करून राह्यला." पाण्याचं मन तुम्हाला कळतं. या रसाचं काही कळतं का, ते लिहा.

तुमची भाचसून रंभा बरी आहे. तिची नेहमीची कामं ती करते.

आपला लटारू


जांभूळटोला, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा
८ सप्टेंबर १९५८

चिरंजीव लटारू,

तुझ्या पाया पडतो. रंभेला आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू सांगितलंस तसं गाळून वाचलं. तुझी माय भिंतीला टेकून ऐकत होती. म्हणाली, "लटारू एवढा कमी लिहाले कवापासून लागला?" म्हटलं, तिकडे कामाची घाई असते. तर म्हणे, "अन् तुया कपाळाले घाम काऊन?" तुझ्या मायपुढे खोटं बोलायचं म्हणजे चाळणीत पाणी भरायचं.

आता कामाचं. मी शाळेत दोन इयत्ता गेलो, दगडाचा रस कशाशी खातात मला ठाऊक नाही. पण नकाशा पाहून झोप लागेना. शेवटी मी एक उद्योग केला. मागच्या सालच्या गुळाच्या दोन भेल्या होत्या. त्यांचा पाक केला, चांगला घट्ट तार येईस्तोवर. अंगणात एक फळी उतरती लावली, तिला राख फासली आणि वरून पळीनं पाक ओतत गेलो. तुझी माय चंदाबाई ओसरीवरून ओरडते, "भाऊ, पिसाळला का तू? तो गूळ बारशाले ठेवला होता मी!" कोणाच्या बारशाला, विचारलं, तर पदर तोंडाला लावून आत गेली. तूच सांग, कोणाच्या?

लटारू, तू लिहिलंस ते सगळं त्या फळीवर झालं. आधी पसरला. मग कडेचा पाक गार झाला, त्याचे काठ झाले, मधला पळत राहिला. सावकाश ओतलं की धार अरुंद. भरभर ओतलं की काठावरून सांडते, सांडलेलं काठावरच गोठतं आणि काठ आणखी चढतो. असं होत होत धार फळीपासून बोटभर उंचावरून वाहायला लागली. तिथे मी पळी थांबवली. पाणी खोलात जातं, म्हणून आपण वर उभं राहून निर्धास्त असतो. हा रस आपलाच बांध घालतो आणि आपल्याच बांधावर चढतो.

म्हणून सांगतो, धार पाहू नको, काठ पाहा. वळणावर बाहेरच्या अंगाचा काठ कुठे ठेंगणा आहे ते पाहा. फुटेल तर तिथेच फुटेल, आणि फुटलं की सगळा माल त्या बाजूला. तुझ्या नकाशात फाट्याच्या वर वळण आहे, आणि बाहेरचं अंग उजव्या नाल्याकडे आहे. देव करो आणि तसंच असो. दुसरं, फळी जिथे जमिनीला टेकली तिथे पाट उरला नाही, पाकाचा हातपंखा झाला. म्हणजे उतार संपतो तिथल्या सपाटीवर थांबायचं नाही. रंभेला घेऊन लांब, उंचावर जा. घर राहू दे.

दुसऱ्या दिवशी फळी पाहिली. पाक काळा ठिक्कर, दगड झालेला. मुंग्या वरून खुशाल फिरत होत्या.

उत्तर लवकर लिही. इथे धान गर्भात आहे, तळं काठोकाठ आहे आणि माझं मन कशात नाही.

तुझा मामा
मनसाराम


गोमा
२६ सप्टेंबर १९५८

मामाजींना नमस्कार.

तुमचं पत्र आज आलं आणि मी ते सेठला हिंदीत करून सांगितलं. सेठ खुर्चीतून उठला. कारण ते तसंच झालं होतं, तुमचं पत्र वाटेत असतानाच. बारा तारखेला फाट्याच्या वरच्या वळणावर काठ फुटला, बाहेरच्या अंगानं, आणि सगळा लोंढा उजव्या नाल्यात गेला. आमच्याकडे एक बारकी धार आली ती वस्तीच्या वर अर्ध्या मैलावर थांबली. सेठ म्हणतो, "तेरे मामा को इधर बुला ले, लटारू. साहब लोग की तनखा उसको दूँगा."

आम्ही सगळे अकरा मैलांवर, मोठ्या तळ्याच्या काठी पाद्र्यांच्या शाळेत राहतो. एका खोलीत सहा कुटुंबं. पोरांना हगवण लागली आहे.

आता खरं लिहितो. बारशाचं मायनं ओळखलं ते बरोबर आहे. रंभाला सातवा संपत आला. पहिली दोन राहिली नाहीत हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून यावेळी सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. तिला या खोलीत बाळंत व्हायचं नाही. रोज एकच बोलते, "मले आपल्या घरी न्या. मेली तं आपल्या घरी मरीन."

आणि मामाजी, तो पाट आता बंद पडला आहे. आमच्या बाजूचा, आणि उजव्या नाल्याचा सुद्धा. आठ दिवसांत लाल कुठे दिसलं नाही. वरच्या तोंडातून अजून धूर आणि उजेड आहे, पण खाली येत काही नाही. सगळं काळं. जंगलाकडच्या बाया सरपण घेऊन त्यावरून चालत जातात, मी डोळ्यांनी पाहिलं. साहेब म्हणतो थांबा. किती, ते सांगत नाही. सेठला पट्टे आणि आऱ्याची पाती काढून आणायची घाई आहे.

मी सेठला आणि रंभाला सांगून टाकलं, माझ्या मामाचं पत्र येईल तसं करीन. काठाचं तुम्ही न बघता सांगितलं आणि खरं ठरलं. घरी जाऊ का? एवढंच लिहा. जा म्हणाल तर जाईन.

आपला लटारू


जांभूळटोला
१४ ऑक्टोबर १९५८, घट बसल्याचा दुसरा दिवस

चिरंजीव लटारू,

पाया पडतो. शंभर वेळा पडतो. पत्र पूर्ण वाचलं, एक अक्षर गाळलं नाही. चंदाबाई ऐकता ऐकता उठली, घटापुढे जाऊन बसली, तिथून बोलली, "वाच, वाच, मी ऐकून राह्यली." आवाज रडका होता, पण रडणं बरं होतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. पाट सुकला. घरी जा.

माझ्या फळीवर पाक काळा पडला तो आतबाहेर गोठला. त्यावर मुंग्या फिरल्या, तुमच्या काळ्यावर बाया फिरतात. फरक काय? आणखी एक. रस नवीन आला तर जुन्या काठांमधूनच येईल आणि तुला आधी दिसेल. पाट भरताना लपून भरत नाही. रंभेला गाडीतून हळू ने. दार उघडण्याआधी उंबऱ्यावर पाणी शिंपड. दोन महिने बंद घर, साप-विंचू पाहून घे.

तुझी माय लिहायला सांगते: पहिल्या पाच दिवसांत बाळंतिणीला थंड पाणी नको, आणि खोलीत धग राहू दे.

आजच डाकेत टाकतो. मन हलकं झालं. आज जेवलो पोटभर.

तुझा मामा
मनसाराम


जांभूळटोला
१७ ऑक्टोबर, सकाळ

लटारू,

घरी जाऊ नको. माझं चौदा तारखेचं पत्र खोटं आहे. ते फाडून टाक. हे आधी वाच, मग बाकीचं.

काल दुपारी चंदाबाईनं तांदळाची पेज वाढली. वाडगं समोर ठेवून ती गाईला पाणी दाखवायला गेली. परत आली तरी मी तळ्याचाच हिशेब मनात करत बसलेलो. पाहिलं तर पेजेवर साय धरली होती, वाफ नव्हती. गार झाली म्हणून मोठा घोट घेतला. जीभ, टाळू, घसा, सगळं पोळलं. वाडगं लवंडलं. चंदाबाई हसून हसून लोळायची राहिली. "भाऊ, एवढा म्हातारा झाला अन् तुले समजत नाई? वरून साय धरली म्हंजे आतून निवली का? सायीखाली तं ते आखीनच गरम राह्यते!"

ती हसत होती आणि मी तुझा नकाशा काढून बसलो.

माझ्या फळीवरचा पाक बोटभर जाड होता रे. बोटभर जाडीचं आतबाहेर एकदम गोठतं. तुझ्याकडचा रस दोन पुरुष जाड. तो फक्त वरून पांघरूण घेतो. पांघरुणाखाली ऊब टिकते आणि टिकलेली ऊब उघड्यापेक्षा लांब चालते. वर बाया सरपण घेऊन जातील आणि खालून पाट वाहत राहील, छपराखालून, थेट उतार संपेपर्यंत. आणि निघेल तो तोंडाशी नाही, पायथ्याशी. तुझ्या घराशी.

तू लिहिलं होतंस, वरच्या तोंडातून अजून उजेड आहे. तळ्याची तोटी उघडी आणि पाट कोरडा, तर पाणी कुठे गेलं? हा प्रश्न मी नव्या पाटकऱ्याला पहिल्या दिवशी विचारतो. पाळीत खेकड्याचं बीळ असलं की असंच होतं. वरून पाळ कोरडी, गुरं चरतात, आणि आतून पाणी चाललेलं. चाळीस वर्षं पाळीला बांबू लावून ऐकली, आणि तुला ऐक म्हणायचं विसरलो. तू माझं कौतुक केलंस, मला ते चढलं. दुसरं काही नाही.

काल संध्याकाळीच डाकघरात धावलो. थैली पंधरालाच गेली. मास्तर म्हणाले, "मनसारामभाऊ, गेलेली थैली म्हंजे सुटलेला बाण." मी आता चांद्याला निघतो. नावाडी मुखरू होडी घेऊन थांबला आहे. तिथून तार करतो.

जाऊ नको. रंभेच्या पाया पडून सांगतो म्हणून सांग.

मनसाराम


जांभूळटोला
३० ऑक्टोबर १९५८

लटारू,

पाया पडतो. अजून तुझं काही नाही.

अठराला चांद्याच्या तारघरात गेलो. तारबाबू चांगला माणूस. मी म्हटलं तसं त्यानं इंग्रजीत केलं: घरी जाऊ नको, काळ्याखाली आग. मला विचारतो, "बाबा, ही काय भानगड आहे? भूतबाधा आहे का कोणाला?" पाच मिनिटांत समजावलं. त्यानं शिक्का मारला, मग हळूच म्हणाला, "माझी बहीण झरियात असते. तिथेपण जमिनीखाली कोळसा पेटलेला आहे." आणि सेठच्या पत्त्यावर तार पाठवली.

परतताना वैनगंगेत होडी मध्यावर आली आणि माझ्या डोक्यात वीज पडली. मी मुखरूचा हात धरला. तार पळते, पत्र चालतं. म्हणजे तुझ्या हातात आधी "जाऊ नको" पडेल, आणि दहा-बारा दिवसांनी मागून माझ्याच अक्षरातलं "घरी जा" येईल. तू म्हणशील, मामानं विचार बदलला. मुखरू म्हणाला, "भाऊ, होडी हलवू नोको, दोघंई बुडू." म्हटलं, परत फिरव. फिरवली बिचाऱ्यानं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चांदा, पुन्हा तारघर, दुसरी तार: चौदाचं पत्र मानू नको. तारबाबूला विचारलं, पोचल्याचं कसं कळणार? म्हणाला, पोचल्याचं तिकडून कोणी कळवलं तरच.

जे पत्र मी सतराला टाकलं, ते चौदाच्या पत्रामागे तीन दिवस आहे. दुसरी तार चुकली तर ते तीन दिवस तू माझ्या खोट्यावर चालणार. मी रोज बोटं मोजतो. चौदाचं पत्र आता कुठे असेल, मुंबईत, समुद्रावर, की तुझ्या हातात?

चंदाबाईला सगळं सांगितलं. लपवणार होतो, जमलं नाही. मला वाटलं शिव्या देईल. तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "तू तं चुकला. पण त्याले शिकवलं कोणं? तूच ना? मंग तो नुसता तुया कागदावर चालते का तुया शिकवण्यावर, ते पाहू." मग उठून चुलीत फुंकत बसली. चूल पेटलेलीच होती.

मनसाराम


१३ नोव्हेंबर

लटारू,

दिवाळी झाली. आम्ही दिवा लावला, फराळ केला नाही. डाकेवाला रोज लांबूनच हात हलवून नाही म्हणतो. बाकी काय लिहू? धान कापायला आलं. पाया पडतो.

मनसाराम


गोमा
१२ नोव्हेंबर १९५८

मामाजींना आणि मायला नमस्कार.

आधी हे: सगळे जिवंत आहोत. सोमवारी पहाटे रंभा बाळंत झाली, पाद्र्यांच्या शाळेत, त्याच खोलीत. मुलगी आहे. तीन दिवसांची झाली आणि दूध ओढते. सोमवारची म्हणून सोमारी.

आता बाकीचं. मायला सगळं वाचा, काही गाळू नका.

तुमची पहिली तार बावीस तारखेला मिळाली. काळ्याखाली आग, याचा अर्थ नीट लागला नाही, पण आम्ही थांबलो. रंभानं बांधलेलं गाठोडं दोन दिवस सोडलं नाही. मग तीन नोव्हेंबरला तुमचं पत्र आलं. पाट सुकला, घरी जा. तुमचं अक्षर, मायचा निरोप, उंबऱ्यावर पाणी शिंपडायचं सुद्धा. रंभा म्हणाली, "कोणतं आधीचं, कोणतं मागचं?" मी म्हटलं, "आज आलं ते मागचं." तारीख पाहिली नाही, मामाजी. मला जायचंच होतं, म्हणून पाहिली नाही. दुसरी तार सेठच्या टेबलात पडून होती. सेठ दिवाळीला कंपाल्यात गेलेला, ती काल सापडली.

चार तारखेला मी एकटा पुढे निघालो, घर झाडून ठेवायला. रंभाला सहाला न्यायचं ठरलं होतं. पत्र सदऱ्याच्या खिशात होतं. वस्तीच्या वर जिथे बारकी धार थांबली होती तिथे रस्ता त्या काळ्यावरूनच जातो. पुढे पाच-सहा बाया सरपण घेऊन गेल्या होत्या. मी पण चढलो. चपलेखाली कोमट लागलं, उन्हानं असेल म्हटलं. वीसेक पावलं गेलो आणि उभा राहिलो. का, ते माहीत नाही. हातात बांबूची काठी होती. अशी लांबलचक कोरडी पाळ, खाली उतार, वर पाणी, म्हणजे या रसाचं तोंड, आणि हातात बांबू. मामाजी, हात आपोआप गेला. काठी टेकवली, वाकलो, वरचं टोक कानाला लावलं.

आधी वाटलं माझंच रक्त वाजतं आहे. श्वास धरला. ते रक्त नव्हतं. आपल्या तळ्याच्या तोटीतून पाणी सुटतं तेव्हा पाळीवर बसून जसं ऐकू येतं, तसंच, पण जाड. घोगरं. माझ्या पायाखालून खाली, घराकडे.

वाकलो तेव्हा खिशातलं पत्र निसटलं. समोर बोटभर भेग होती, तिच्या काठावर पडलं. मी उचलायला हात घातला, तेवढ्यात कागद तपकिरी झाला, मग मधून काळा, आणि "घरी जा" वर ज्योत आली. ज्योत दिसली नाही नीट, ऊन होतं. नुसता कागद सरत गेला, आणि भेगेजवळचं काठीचं टोकही धुमसून पेटलं.

मी पळालो नाही. पाय हळू टाकत, ज्या पावलांनी गेलो त्याच पावलांवर परत आलो. मग खाली उतरून त्या बायांच्या मागे ओरडत गेलो. त्यांना माझी भाषा येत नाही, पण काठी पेटलेली होती, ते त्यांना कळलं.

सहा तारखेला तुमचं पेजेचं पत्र आलं. रंभाला वाचून दाखवलं. ती पोट धरून हसली आणि मग रडली.

सातला पहाटे वस्तीच्या वर, काळ्याच्या टोकापासून रस फुटला आणि नाल्यानं आमच्या घराकडे उतरला. वरून काही आलं नाही. जमिनीतून आल्यासारखा आला, पसरला, तुम्ही म्हणाला तसा हातपंखा. गिरणी नाल्यापासून दूर म्हणून राहिली. माझं घर गेलं. साहेब मोजमाप करत होता, मला विचारतो, तुला आधी कसं कळलं? मी बांबू दाखवला. उरलेला.

तुम्ही लिहिलं, चौदाचं पत्र फाडून टाक. फाडायला उरलं नाही.

आपला लटारू


जांभूळटोला
१ डिसेंबर १९५८

चिरंजीव लटारू,

तुझ्या पाया पडतो. सोमारीच्याही पडतो. कोणी म्हणेल नातीच्या पाया आजोबानं पडायचं नसतं. म्हणो.

पत्र काल दुपारी आलं. डाकेवाला शेताच्या बांधावरूनच ओरडत आला, त्यामुळे अर्धा गाव ओसरीत जमला. मी वाचायला घेतलं, काही न गाळता. "काठी टेकवली" इथे मी कागद खाली ठेवला. पुढचं वाचायला शाळामास्तर लागले. मुखरू मधेच म्हणे, "म्हंजे माई होडी दोनदा फुकट गेली!" आणि रडायला लागला. चंदाबाई उठून आत गेली, गुळाची भेली घेऊन आली, सगळ्यांच्या हातावर खडा खडा ठेवला. शेवटी माझ्यापुढे आली आणि म्हणाली, "घे. हा बारशाचा. फळीवर नोको ओतू."

घर गेलं त्याचं वाईट वाटतं. तुझ्या हातचा खिळान् खिळा. पुन्हा बांधशील तेव्हा जागा मला विचारू नको. विचारलंस तर मी सांगणार, हे मला माझं माहीत आहे. तेव्हा काठी घेऊन जा, आधी ऐक, मग माझं पत्र उघड.

हे कालच लिहायला बसलो होतो. चंदाबाईनं पेज वाढली, आधी जेव म्हणाली. वर साय धरली होती. मी ती पळीनं बाजूला सारली. खालून वाफ आली. मग थांबलो, चांगला वेळ थांबलो. अंधार झाला, तेल संपलं. म्हणून पत्राला एक दिवस उशीर. रागवू नको.

तुझा मामा
मनसाराम